कुळथाच्या पिवळ्या ओळी

कुळथाला खत घालायचं नसतं, हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. भात कापून झालं की मळ्यात ओल असते तेवढ्यात नांगर फिरवायचा, कुळीथ फेकायचा आणि विसरून जायचं. तो आपला आपण उगवतो, शेंगा धरतो आणि पिठी होऊन ताटात येतो. साठ वर्षांत मी त्याला शेणाची पाटीसुद्धा दाखवली नव्हती. शेवटी खत घातलं तेव्हा तो युरिया होता, आणि कुळीथ माझा नव्हता, नातीच्या परीक्षेचा होता.

नात म्हणजे माझ्या मधल्या मुलाची मुलगी. मुलगा आणि सून मुंबईला. ही शेतकी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. हॉस्टेलवर राहायची, शनिवारी दुपारच्या एसटीनं माझ्याकडे यायची आणि सोमवारी सकाळी जायची. बाकी दिवस घरात मी आणि मांजर. शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एक प्रयोग करून दाखवायचा असतो. तो नापास झाला तर वर्ष परत करावं लागतं. बाकीच्या मुलांनी आंबा घेतला, काजू घेतला. हिनं माझी सासू घेतली.

सासू वारली तेव्हा नात जन्मालाही आली नव्हती. पण सासूची एक रीत मी तिला बोलता बोलता सांगितली होती, तीही कुचेष्टेनं. नव्या जमिनीत पहिल्यांदा कुळीथ पेरायचा असला की सासू जुन्या मळ्यातली माती आणायला लावायची. डोक्यावर पाटी घेऊन दोन बांध आणि एक व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडायचा. ती माती पेजेच्या निवळीत कालवायची, तिच्यात कुळीथ घोळायचा, सावलीत सुकवायचा आणि मग पेरायचा. "बियाण्याक वळखीची माती व्हयी," असं ती म्हणायची. मला त्यात एवढंच दिसायचं की हिला सून बसलेली बघवत नाही. तिच्या निम्म्या रीती त्यासाठीच होत्या, असं माझं मत होतं आणि ते मी तिला एकदा बोलूनही दाखवलं होतं. त्यानंतर आठ दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. घरात शांतता होती.

नातीनं ते ऐकलं आणि जेवता जेवता हात थांबवला.

"आजी, ह्या तुका म्हायती होता आणि तू आता सांगतस?"

"म्हायती काय होता? पाटी व्हावून मान मोडली, ता म्हायती होता."

तिला पाहिजे होती तशी कोरी जमीन आमच्याकडे होती. घरामागे विहीर खणली तेव्हा खोलातली तांबडी माती निघाली, ती तिथेच पसरून ठेवली होती. तिथं पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या असं मुलगा म्हणतो. खोल्या अजून त्याच्या बोलण्यातच आहेत, म्हणून भराव मोकळा होता. त्यात कधी काही पेरलेलं नव्हतं. दिवाळीनंतर नातीनं तिथं दोरी धरून आठ ओळी आखल्या. चार ओळींत सासूच्या रीतीनं जुन्या मातीत घोळलेला कुळीथ, चार ओळींत तसाच कोरा कुळीथ. जुनी माती तिनंच आणली, पण डोक्यावरून नाही. शेजाऱ्याच्या स्कूटरवरून. सासूनं ते बघितलं असतं तर त्या मातीला गुण येणार नाही म्हणाली असती.

संध्याकाळी आम्ही घरापुढच्या खळ्यात बसलो होतो तेव्हा मी विचारलं, की मातीत माती घालून काय होणार आहे.

"मूळ भुकेलेला आसला की ता मातीत एक रस सोडता," नात म्हणाली. "मातीत बारीक जीव आसतत, आपल्याक दिसनत नाय. तेंतल्या काही जणांका तो रस कळता. मगे ते आपलो रस सोडतत, आमी इलंव म्हणान. ता कळला की मूळ वाकता आणि तेंका आत घेता. मगे मुळार गाठी येतत."

"म्हणजे पावण्यांका आमंत्रण."

"पावणे नाय गो, गडी. मूळ तेंका गोड खाऊक घालता आणि ते हवेतलो नत्र धरून मुळाक देतत. म्हणान कुळदाक खत लागणा नाय."

"आणि न बोलवता कोण घुसलो तर?"

"तेंच्यासाठी येगळो रस आसता. वायट जंतू इले तर तेंका मारूचो."

"म्हणजे एकाच तोंडान गोडव बोलता आणि विखव ओकता. माका वाटला ता फक्त माणसांतच आसता."

नात हसली. मला मात्र ते पटण्यासारखं वाटलं. बाजारात मासेवाली ओरडते तेव्हा सगळ्यांच्या कानावर पडतं, पण वळतो तो ज्याला मासे घ्यायचे असतात तोच. बाकीच्यांनी ऐकून उपयोग नाही. विहिरीच्या तळातल्या मातीत वळणाराच कोणी नसेल तर मूळ ओरडून करणार काय? सासूची पाटी म्हणजे गिऱ्हाईक उचलून आणायची सोय होती. अर्थात हे सगळं खरं ठरलं तर. मला ते खरं ठरायला नको होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

सोमवारी जाताना नातीनं मला बजावलं. "पाणी सगळ्या ओळींका सारख्या घाल. बाकी कशाक हात लावू नको. काय झाला तरी."

"लहान समजतस माका?"

"लहान आसतस तर सांगला नसता. लहान पोरां आयकतत."

दोन आठवडे सगळ्या ओळी सारख्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात सगळ्याच जराशा फिक्या झाल्या. मग जुन्या मातीच्या ओळी सावरल्या आणि कोऱ्या ओळी पिवळ्या पडत गेल्या. पिवळ्या म्हणजे अगदी हळदीला बसवल्यासारख्या. आमच्या भरावाला लागून चिऱ्यांचा गडगा आहे आणि गडग्यापलीकडे माझी चुलत जाऊ राहते. तिला दुखणी सतरा आहेत, पण डोळे चांगले आहेत.

"काय गो," ती गडग्यावरून म्हणाली, "नातीच्या कुळदाक कावीळ झाली काय?"

"प्रयोग आसा तो."

"आसतलो, आसतलो. माझ्या परड्यातलो कुळीद बघ जरा. आमी कॉलेजात गेलंव नाय, म्हणान हिरवो इलो."

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या सुनेला आणून दाखवलं. तिसऱ्या दिवशी सुनेच्या माहेरची माणसं आली होती, त्यांनाही दाखवलं. किल्ला बघायला येतात तशी माणसं आमचा कुळीथ बघून जायला लागली.

मंगळवारी सकाळी मी कोठीतून युरियाची पिशवी काढली. भाताला आणलेला तो थोडा उरला होता. दोन मुठी अर्ध्या बादली पाण्यात ढवळल्या आणि ते पाणी कोऱ्या चार ओळींच्या बुडाशी सारखं घातलं. मातीच्या ओळींना घातलं नाही, कारण त्या हिरव्याच होत्या. मला रोपांची दया आली असं कोणी समजू नये. मला गडग्यापलीकडचं तोंड बंद करायचं होतं. कुळथाला खत घालायचं नसतं हे मला त्या वेळीही माहीत होतं. पण माहीत असणं आणि गप्प बसणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि मला त्यातलं एकच जमतं.

तोंड बंद झालं. दहा दिवसांत कोऱ्या ओळी काळ्याशार हिरव्या झाल्या, मातीच्या ओळींच्याही वर गेल्या. मधल्या शनिवारी नात आली नव्हती. या शनिवारी आली, दप्तर पायरीवर टाकून थेट मागे गेली आणि तिथूनच ओरडली.

"आजी! कोरे हिरवे झाले!"

"झाले मा? बरा झाला."

ती परत आली आणि माझ्याकडे बघत राहिली. "तू काय घातलस काय तेंका?"

"माका काय दुसरो धंदो नाय?"

प्रश्नाला प्रश्नानं उत्तर दिलं की ते खोटं बोलल्यात धरत नाहीत, असा माझा समज होता. नातीनं मान हलवली, वही काढली आणि लिहिलं. लिहिलेलं मला मोठ्यानं वाचूनही दाखवलं. खत दिलेलं नाही. कोऱ्या ओळी मातीच्या ओळींपेक्षा सरस. जुन्या मातीचा काही फायदा दिसत नाही.

हे ऐकून मला जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही, पण सांगते. सासूला जाऊन तीस वर्षं झाली होती. तीस वर्षांनी माझ्या नातीच्या वहीत, पेनानं, तारीख घालून ती हरली होती. माझ्या मानेला न्याय मिळाला. तिला हरवायला मला दोन मुठी युरिया लागला, ही गोष्ट मी बाजूला ठेवली. आठवडाभर मी फार चांगली जेवले.

मुळं बघायची ती तिचे सर आल्यावरच, असं ठरलेलं होतं. रोप उपटलं की ते गेलं, म्हणून मधे कोणी उपटलं नव्हतं. सर पुढच्या शनिवारी आले. बारीक चणीचा, शांत माणूस. बूट काढून अनवाणी भरावावर गेला, ते मला आवडलं. मी चहा घेऊन मागोमाग गेले. चुलत जाऊ गडग्याला टेकून उभी होतीच. तिला बोलवायला रस लागत नाही.

सरांनी मातीच्या ओळीतलं एक रोप सावकाश खणून काढलं आणि बादलीत धुतलं. मुळांवर गाठी होत्या, मिऱ्याच्या दाण्याएवढ्या आणि त्याहून बारीक. एक गाठ त्यांनी नखानं फोडली. आतून गुलाबी निघाली. "चालू आहेत," ते म्हणाले. "आत गुलाबी म्हणजे काम चालू."

मग कोऱ्या ओळीतलं रोप काढलं. वर पानांचा थाट, आणि खाली मुळं पांढरी, साफ, शेवयांसारखी. एक गाठ नाही. दुसरं काढलं, तसंच. तिसरंही तसंच.

"खत घातलं होतंस?" सरांनी नातीला विचारलं.

"नाही सर."

"मग हिरवी कशी? गाठी नाहीत, मातीत नत्र नाही. ही काय हवा खाऊन वाढली?"

सरांनी तिची वही उघडली, ते पान वाचलं आणि बंद केली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"तू लिहितेस खत नाही. मुळं सांगतात खत आहे. पोट भरलेलं मूळ रस सोडत नाही, ते कोणाला बोलवत नाही, म्हणून ते असं साफ राहतं. हे तुला मी वर्गात शिकवलंय. आता मी वहीवर विश्वास ठेवू की मुळांवर? खोटी नोंद असली की आम्ही प्रयोग रद्द करतो. वर्ष जातं, हे तुला माहीत आहे."

"सर, मी खरंच घातलं नाही."

नातीचे कान लाल झाले होते. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिला संशय यायला हवा होता, पण तिनं एकदा विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं, तेवढं तिला पुरलं होतं. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो कुठे ठेवायचा ते सुचेना, म्हणून तसाच धरून मी म्हटलं, "खत मी घातलं."

"केव्हा?" सरांनी विचारलं.

"अडीच आठवडे झाले. मंगळवारी. अर्ध्या बादलीत दोन मुठी युरिया. तिला माहीत नाही. तिनं विचारलं तेव्हाही मी सांगितलं नाही."

"का घातलं?"

"पिवळ्या होत्या."

एवढ्यात गडग्यावरून आवाज आला, "तरी मी म्हणतय, एकदम हिरवो कसो झालो!"

सरांनी ट्रे माझ्या हातातून घेतला आणि गडग्यावर ठेवला. "आजी," ते म्हणाले, "त्या पिवळ्या पडणं हाच प्रयोग होता."

मी चौथी शिकलेली आहे, पण एवढं मला कळलं. भूक लागली तर हाक. हाकेला ओळखीचं कोणी असलं तर गाठी, नसलं तर पिवळेपणा. मी मधेच ताट वाढून ठेवलं, मग कोण कशाला हाक मारतंय? माझे मुलगे मुंबईत भरल्या पोटी आहेत. त्यामुळे हा भाग मला दुसऱ्यांदा समजावून सांगावा लागला नाही.

सरांनी आठही ओळी बाद केल्या, पण वर्ष बाद केलं नाही. घडलं ते जसंच्या तसं वहीत लिही म्हणाले, आणि जानेवारीत नव्यानं पेर. विहिरीला पाणी होतं. भरावाचा विहिरीपलीकडचा तुकडा कोरा होता. या वेळी बिघडलं तर मात्र तिसरी वेळ नव्हती. एप्रिलात परीक्षा होती.

सर गेल्यावर नातीनं मला एकच विचारलं. "मी इचारलय तेव्हा कित्या सांगलस नाय?"

"तू रागावतलस म्हणान."

"आणि आता माझा वर्ष गेला असता ता?"

मी भांडी घासायला घेतली. धुतलेलीच भांडी होती.

त्यानंतर दोन शनिवार ती माझ्याशी बोलली नाही. मांजराला सांगायची, "आजीक सांग, माका पेज नको." मांजरानं मला काही सांगितलं नाही. तिनं पुन्हा आठ ओळी आखल्या, पुन्हा मळ्यातली माती आणली आणि सगळ्याला सभोवार सुंभाची दोरी बांधली. पण पाणी कोण घालणार? ती पाच दिवस हॉस्टेलवर, आणि घरात मी एकटी. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायची वेळ तिच्यावर आली होती. तिनं पत्र्याचा एक डबा आणून माझ्यासमोर ठेवला. "एका ओळीक दोन डबे. सगळ्यांका सारखे. पाण्यात फक्त पाणी."

ती एसटीला गेल्यावर मी उरलेली युरियाची पिशवी उचलली आणि चुलत जावेच्या पायरीवर नेऊन ठेवली.

"ह्या कित्या?" ती म्हणाली.

"तुझ्या भाताक."

"जानेवारीत?"

"ठेव. माका घरात नको."

दारुड्याच्या घरातून बाटली हलवतात तसं ते होतं. ती हसली नाही. तेवढी अक्कल तिला आहे.

तीन आठवड्यांनी कोऱ्या ओळी पुन्हा पिवळ्या पडल्या. या वेळी त्या पिवळ्याच राहिल्या. वीतभर वाढल्या आणि थांबल्या. मी रोज सकाळी दोन डबे घालायची आणि बघायची. साठ वर्षं शेती केलेल्या बाईला उपाशी रोपापुढे हात बांधून उभं राहायला सांगणं, ही शिक्षा कुठल्या कोर्टानं दिली नसती. वाटेनं जाणारा प्रत्येक माणूस काही ना काही बोलायचा. शेण घाल, राख घाल, गोमूत्र घाल. एकानं तर पिशवीतून कसली पूड काढून दाखवली.

"घालूचा नाय," मी सगळ्यांना सांगायची. "तेंका भूक लागान दे."

म्हातारी बिघडली, असं वाडीत झालं. होऊ दे म्हटलं.

मार्चच्या सुरुवातीला मोजायचा दिवस आला. सर येणार होते, पण त्यांनी कळवलं की तुम्हीच मोजा आणि लिहा, मी नंतर येऊन वही बघतो. त्यांनी आमच्यावर विश्वास टाकला की परीक्षा घेतली, ते मला कळलं नाही. नात वही घेऊन दगडावर बसली आणि मला म्हणाली, "तू मोज. माझे डोळे वहीत आसतत."

मातीच्या ओळींतली दहा रोपं मी खणून, धुवून मोजली. एकवीस, सतरा, सव्वीस, असे आकडे मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. सासूची पाटी खरी होती. मी ते तोंडानं म्हटलं नाही, आकडे तेवढे सांगितले.

मग कोऱ्या ओळी. पहिलं रोप, शून्य. दुसरं, शून्य. नऊ रोपांपर्यंत शून्यच. चित्र असं साफ होतं की कोणीही बघून खूष व्हावं. दहावं रोप मी बादलीत हलवलं आणि मुळाच्या वळणावर काहीतरी बोटाला लागलं. मसुरीएवढी एक गाठ. नात खाली मान घालून लिहीत होती. माझा अंगठा त्या गाठीवरच होता. नखानं जरा दाबलं असतं तर ती बादलीत गेली असती, आणि वहीत दहाच्या दहा शून्यं, ओळीनं, सुंदर. माझ्यामुळे एकदा जाता जाता राहिलेलं वर्ष मी तेवढ्या नखानं शोभिवंत करून दिलं असतं.

"दहावा?" नातीनं विचारलं.

"एक," मी म्हटलं.

तिनं मान वर केली. "एक?"

"एक. हयसर ये आणि बघ."

ती आली, रोप हातात घेऊन उन्हात धरलं, गाठ फोडून बघितली. आतून गुलाबी होती. "ही खंयसून इली? ह्या मातीत तर कोण नाय."

मी विचार केला. रोज सकाळी मी आधी मातीच्या ओळींना पाणी घालायची आणि मग तशीच कोऱ्या ओळींत जायची. पाय धुवायला कोणी सांगितलं नव्हतं आणि मला सुचलं नव्हतं.

"माझ्या पायाक लागान इली आसतली," मी म्हटलं.

ती माझ्या पायांकडे बघत राहिली. टाचांच्या भेगांत तेव्हाही माती होती. मग ती दगडावर जाऊन बसली, दहाव्या रोपापुढे एक लिहिलं, आणि शेजारी कारण म्हणून माझे पाय लिहिले.